गाणं पुढे गेलं, नाव मागे राहिलं

आयर्लंडमधल्या पबमध्ये रात्र चढली की कुणीतरी 'विली मॅकब्राइड'ची फर्माईश करतं. गिटारवाला सुरुवात करतो आणि ध्रुवपदाला अख्खी खोली गाऊ लागते. हे गाणं कुणाचं असं विचारलं, तर बरेच जण सांगतात, आमचंच, जुनं, पारंपरिक. यातलं काहीच खरं नाही. गाण्याचं मूळ नाव 'नो मॅन्स लँड'. ते आयरिश नाही आणि जुनंही नाही. १९७६ सालचं आहे. लिहिणारा माणूस स्कॉटलंडचा. तो ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाला आणि तिथे हिशेबनिसाची नोकरी करून पोट भरत असताना गाणी लिहायला लागला. त्याचं नाव एरिक बोगल.

जात्यावरच्या ओवीला तिची कर्ती कोण, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. बोगलच्या दोन गाण्यांना जिवंतपणीच ओवीचं भाग्य मिळालं. माझ्या मते एखाद्या गीतकाराच्या वाट्याला येणारा हा सगळ्यात मोठा मान आहे. तो आपोआप मिळालेला नाही. ती गाणी ज्या पद्धतीनं बांधली आहेत, त्या बांधणीत त्याचं कारण सापडतं.

बोगलचा जन्म २३ सप्टेंबर १९४४चा, पीबल्सचा. एडिंबरोच्या दक्षिणेला, ट्वीड नदीकाठचं हे छोटं गाव. वडील लाकूडतोडे होते आणि बॅगपाइप वाजवायचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग मजुरी, कारकुनी, बारमध्ये दारू वाढणं, अशी मिळेल ती कामं. पन्नाशीच्या दशकातल्या स्किफल लाटेत हजारो ब्रिटिश पोरांनी स्वस्तातलं गिटार आणि तीन कॉर्ड एवढ्या भांडवलावर बँड काढले, त्यांतलाच हा एक. १९६९ साली तो ऑस्ट्रेलियात गेला आणि कॅनबेरात राहिला. त्या काळी ब्रिटनमधून तिकडे जाणाऱ्या प्रौढाला सरकारी योजनेत १० पौंडांत प्रवास मिळायचा. निम्मा देश स्थलांतरितांचाच वाटावा असे ते दिवस. नोकरी सांभाळून संध्याकाळी फोक क्लबात जायचं, हा त्याचा क्रम झाला.

फोक क्लब म्हणजे पबची मागची खोली, पंचवीस-तीस खुर्च्या, बहुधा माइक नाही. ठरलेला पाहुणा गाण्याआधी हौशी मंडळींपैकी कुणीही उठून एकदोन गाणी म्हणू शकतं. या खोलीत गाणं टिकायचं तर दोन अटी असतात. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळला पाहिजे, आणि दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत त्याला साथ देता आली पाहिजे. बोगल या शाळेत तयार झाला.

१९७१ साली कॅनबेरात त्यानं ॲन्झॅक दिनाची मिरवणूक पाहिली. २५ एप्रिल १९१५ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी माजी सैनिक पदकं लावून चालतात. आठ महिन्यांच्या त्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाची ८,००० हून अधिक माणसं मेली आणि हाती काहीच लागलं नाही. बोगलनं मिरवणूक पाहिली तेव्हा व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं आणि ऑस्ट्रेलियाची तरुण पोरं पुन्हा परक्या देशात मरत होती. त्याला बोलायचं होतं व्हिएतनामबद्दल. पण व्हिएतनाम नकाशावर कुठे आहे, हेही लोकांना धड माहीत नव्हतं. गॅलिपोली मात्र शाळेतल्या पोराला ठाऊक. म्हणून त्यानं गोष्ट ५६ वर्षं मागे नेली. त्यातून 'अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग मटिल्डा' हे गाणं झालं. आधी आठ कडवी होती, ती छाटून पाच केली.

या गाण्याची कळ त्याच्या नावात आहे आणि ऑस्ट्रेलियाबाहेरच्या माणसाला ती चटकन सापडत नाही. 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' हे बँजो पॅटर्सननं १८९५ साली क्वीन्सलँडमध्ये लिहिलेलं गाणं ऑस्ट्रेलियात राष्ट्रगीताइतकंच लाडकं आहे. त्यात मटिल्डा नावाची कुणी बाई नाचत नाही. भटक्या मजुराच्या पाठीवरची वळकटी म्हणजे मटिल्डा. कामाच्या शोधात ती पाठीला मारून मैलोन् मैल चालत राहणं, याला तिकडच्या बोलीत मटिल्डाला वॉल्ट्झ करवणं म्हणत.

आता बोगलचं पहिलं कडवं पाहा. सांगणारा म्हातारा सुरुवातच करतो ती तरुणपणी पाठीवर वळकटी टाकून मरे नदीपासून आतल्या उजाड मुलखापर्यंत मनमुराद भटकण्यापासून. मग सैन्यभरती होते, हातात बंदूक येते आणि बोट सुटताना धक्क्यावर बँड हेच गाणं वाजवतो. दुसऱ्या कडव्यात किनाऱ्यावरची कत्तल आहे. तिसऱ्यात तो इस्पितळात जागा होतो आणि दोन्ही पाय गेलेले असतात. ज्यानं आयुष्यभर फक्त चालायचं ठरवलं होतं, त्याची मटिल्डा तिथे संपली. चौथ्यात जखमींना घेऊन बोट सिडनीच्या सर्क्युलर की धक्क्याला लागते. तोच धक्का, तीच गर्दी, तेच बँडचं गाणं. फक्त आता कुणी जयजयकार करत नाही, लोक तोंड फिरवतात. पाचव्यात हा म्हातारा ओसरीवर बसून दरवर्षीची मिरवणूक बघतो. चालणारे दरवर्षी कमी होत जातात.

पाचही कडव्यांच्या शेवटी तीच धून येते. पहिल्यांदा ती देशाभिमानाची वाटते, मग प्रेतं पुरतानाची, मग पांगळ्याची. ध्रुवपदाची चाल तसूभरही न हलवता नुसत्या आजूबाजूच्या प्रसंगानं तिचा अर्थ पाच वेळा फिरवायचा, हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. नवखा गीतकार इथेच चुकतो. भाव बदलला की तो चालही बदलतो, सूर वर नेतो, आणि गाणं त्याच्या हातून सुटतं. बोगलनं बदल एकदाच केला, अगदी शेवटी. तिथे त्याची स्वतःची चाल थांबते आणि पॅटर्सनच्या गाण्याची जुनी, ओळखीची चाल हळू आवाजात येते. त्या मूळ गाण्यात डबक्यात जीव दिलेल्या भटक्याचं भूत उरतं. इथे चालून गेलेल्या सैनिकांची भुतं.

'पोवाडा'शी याची तुलना मनात येतेच. गोष्ट सांगणारं, लढाईचं, समोरच्या माणसांना धरून ठेवणारं गाणं, इथवर दोघांचं जमतं. पण शाहीर वीराच्या बाजूला उभा राहून डफावर थाप मारतो. बोगलचा म्हातारा स्वतः लढला आहे आणि आपण वीर होतो असं तो एकदाही म्हणत नाही. तुर्कांना शिवीही देत नाही. त्यांनी त्यांची माणसं पुरली, आम्ही आमची, एवढंच सांगतो.

गाण्यात इतिहासाच्या चुका आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियन फौज २५ एप्रिलला उतरली ती सुव्हला खाडीत नव्हे, तिच्या दक्षिणेला, पुढे ॲन्झॅक कोव्ह म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी. सुव्हलाला ऑगस्टमध्ये उतरले ते मुख्यतः ब्रिटिश. गाण्यात सैनिकाला पोलादी शिरस्त्राण मिळतं, पण १९१५च्या त्या महिन्यांत ती वाटली गेलेलीच नव्हती. स्वयंसेवकांची भरती ऑगस्ट १९१४लाच सुरू झाली होती, गाण्यात ती १९१५ची आहे. सुव्हला हा शब्द ओळीत आणि यमकात बसतो म्हणून घेतला, हे बोगलनं मान्य केलेलं आहे. अभ्यासक यावर नाराज होतात, ते बरोबरच आहे. तरी गाणाऱ्यानं शब्द दुरुस्त करायला जाऊ नये; ठेका मोडतो आणि मिळत काहीच नाही.

१९७४ साली ब्रिस्बेनच्या राष्ट्रीय फोक महोत्सवात त्यानं हे गाणं गीतलेखनाच्या स्पर्धेत म्हटलं. पहिलं बक्षीस ३०० डॉलरचं ओव्हेशन गिटार होतं. बोगलला तिसरा क्रमांक मिळाला आणि निकालावर ऐकणाऱ्यांनी कुरबुर केली. त्या गर्दीत चॅनल बेटांवरून आलेली एक गायिका होती. तिनं गाणं मागून घेतलं, परत जाऊन इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका महोत्सवात म्हटलं. तिथे ते जून टेबर या इंग्रज लोकगायिकेनं ऐकलं आणि १९७६च्या 'एअर्स अँड ग्रेसेस' या तबकडीत गायलं. त्याच वर्षी मेकम आणि क्लॅन्सी या जोडीमुळे ते आयर्लंडभर गेलं. १९८५ साली द पोग्स या बँडनं त्याला पंक पिढीपर्यंत पोचवलं. यातल्या पहिल्या टप्प्यांत कंपनी नाही, जाहिरात नाही. एका तोंडातून दुसऱ्या कानात, एवढंच. कर्त्याला यातलं बरंचसं ठाऊकच नव्हतं. १९७६ला तो ब्रिटनमध्ये आला, तर लोक त्याला क्लबात गायला बोलावू लागले. त्याचं गाणं त्याच्याआधी तिथे येऊन बसलं होतं.

'नो मॅन्स लँड'चं बीज १९७५च्या प्रवासातलं. बोगल आणि त्याची पत्नी फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समधल्या सैनिकी दफनभूमी पाहून आले. गाण्यात एक वाटसरू उन्हात चालून दमतो, एका थडग्याशी टेकतो आणि दगडावरचं नाव वाचून मेलेल्याशी गप्पा मारू लागतो: विल्यम मॅकब्राइड, वय १९, मृत्यू १९१६. तुझी कुणी बायको होती का, प्रेयसी होती का, की काचेमागच्या पिवळ्या पडलेल्या फोटोतला तू आता अनोळखी झालायस? शेवटच्या कडव्यात प्रश्न थेट होतो: ज्या कारणासाठी मेलास, ते तुला खरं वाटलं होतं का? कारण सगळं पुन्हा पुन्हा घडलं.

नाव आयरिश वळणाचं घेतलं ते जाणून. सत्तरीच्या दशकात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटांमुळे ब्रिटनमध्ये आयरिश माणसाकडे संशयानं बघत होते. त्यांचीही पोरं इथेच पुरली आहेत, हे त्याला सुचवायचं होतं. १९१६ साली मेलेले विल्यम मॅकब्राइड नोंदींत एकाहून अधिक सापडतात. ऑथ्युईच्या दफनभूमीतल्या रॉयल इनिस्किलिंग फ्युझिलियर्स या आयरिश पलटणीतल्या एका मॅकब्राइडपाशी लोक आजही थांबतात, जरी त्याचं वय गाण्याशी जुळत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट आपल्याकडची आठवते. सातारा, रत्नागिरी भागातल्या काही गावांत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी मेली, एवढाच मजकूर. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागतीत गेल्या. पाट्यांवर आकडा आहे, नाव नाही. बोगलचं सगळं गाणं एका नावावर आणि एका वयावर उभं आहे. आकड्यापाशी बसून कुणी 'काय रे, कसा आहेस' असं विचारू शकत नाही.

ध्रुवपदातले ढोल आणि बासरीचे शब्द बोगलचे स्वतःचे नाहीत. ते 'स्ट्रीट्स ऑफ लारेडो' आणि त्याही आधीच्या ब्रिटिश बॅलडांमधून चालत आले आहेत. पुढे तो विचारतो, पायपवाल्यांनी 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' वाजवलं का? ही स्कॉटलंडची शोकधून १५१३च्या फ्लॉडनच्या लढाईत गेलेल्यांसाठीची. पायपवाले ती इतकी पवित्र मानतात की अंत्यविधी सोडून सहसा चारचौघांत वाजवत नाहीत. आणि यातलं 'फॉरेस्ट' म्हणजे एट्रिकचं रान, पीबल्सला लागूनच. फ्रान्समधल्या एका थडग्यावर त्यानं स्वतःच्या तालुक्याचं रडणं ठेवलं, तेही अर्ध्या ओळीत, काही न बोलता.

फ्युरी बंधूंनी हे गाणं 'ग्रीन फील्ड्स ऑफ फ्रान्स' नावानं गायलं आणि आयर्लंडमध्ये ते तुफान चाललं. त्यात शब्द सरकले. मूळ ओळीत थडग्यावर बंदुकांची सलामी आहे. तिथे शवयात्रेची धून आली. बिगुलांनी 'लास्ट पोस्ट' एका सुरात गायलं, याचं ऐकताना 'लास्ट पोस्ट आणि ध्रुवपद' असं झालं; इंग्रजीत 'इन कोरस'चं 'अँड कोरस'. 'लास्ट पोस्ट' ही बिगुलाची धून. तिला ध्रुवपद नसतं. पण आज निम्मं जग तेच गातं. जर्मनीत हान्नेस वाडरनं १९८० साली त्याचं जर्मन रूप केलं आणि तिकडच्या शांतता चळवळीत ते सतत म्हटलं गेलं. हा प्रवास मला आवडतो. २०१४ला मात्र ब्रिटनमधल्या माजी सैनिकांच्या निधीसाठी जॉस स्टोन या गायिकेनं गायलेल्या आवृत्तीत शेवटचा, प्रश्न विचारणारा भागच गाळला होता. त्यावर लोक चिडले, आणि योग्यच चिडले. शब्द घासून बदलणं वेगळं. ज्या कडव्यासाठी बाकीची तीन कडवी उभी केली, तेच काढणं वेगळं.

नाव मागे राहिलं की पैसाही मागे राहतो. ब्रिटनमध्ये १९८८चा कायदा येईपर्यंत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणालाही ठरलेली रक्कम देऊन ध्वनिमुद्रित करता येई. ही रक्कम तबकडीच्या किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के, आणि ती त्यातल्या सगळ्या गाण्यांत वाटली जायची. समजा, ३ पौंडांची, दहा गाण्यांची तबकडी. सव्वासहा टक्के म्हणजे पावणेएकोणीस पेन्स. एका गाण्याच्या वाट्याला दोन पेन्सही येत नाहीत. पण वेष्टनावर कर्त्याऐवजी 'पारंपरिक' छापलं गेलं, तर तेही जातात, आणि वाद्यमेळ बसवणारा त्या पैशांवर दावा करतो. पबमधल्या गायनाचे पैसे हक्कसंस्था गोळा करते आणि कळवलेल्या गाण्यांच्या यादीप्रमाणे वाटते. यादीत 'विली मॅकब्राइड, पारंपरिक' असं लिहिलं की ते कर्त्याच्या खात्यात पोचत नाही. म्हणून एकाच गाण्याची सगळी प्रचलित नावं हक्कसंस्थेकडे नोंदवून ठेवायची असतात. लोकांच्या तोंडी बसणारं गाणं लिहिणाऱ्यानं हे काम पहिल्या वर्षीच करावं.

ज्यांना ही गाणी म्हणायची आहेत त्यांच्यासाठी थोडं. दोन्ही तिहेरी ठेक्यात आहेत. दादऱ्याची सवय असलेल्याला पाय लगेच सापडतो. 'मटिल्डा' गिटारवर सी, एफ, जी आणि ए मायनर एवढ्यात बसतं. आवाजाप्रमाणे कॅपो दुसऱ्या किंवा चौथ्या पडद्यावर चढवावा. पाच कडवी पुरी म्हटली तर आठ मिनिटांच्या आसपास लागतात, त्यामुळे पहिलं कडवं फार संथ घेतलं तर तिसऱ्यापर्यंत खोली थकते. चालत्या माणसाच्या पावलांची गती धरावी. सगळ्यात मोठी चूक पाय गेल्याच्या जागी होते: गाणारा तिथे रडतो. सांगणारा मात्र पन्नास वर्षं त्या गोष्टीसोबत राहिलेला आहे, तो कोरडेपणानंच सांगणार. आवाज तिथे खाली आणावा, गिटारची झोड थांबवून नुसत्या बोटांनी तारा छेडाव्यात. शेवटी ओळखीची चाल आली की श्रोते टाळ्यांचा ठेका धरू पाहतात. त्यांना तो धरू द्यायचा नसेल तर शेवटच्या चार ओळी वाद्याशिवाय म्हणाव्यात.

नोकरी सोडून बोगल पूर्णवेळ गायक झाला तो १९८०च्या सुमारास, पस्तिशी ओलांडल्यावर. मग ॲडलेडला गेला. जॉन मन्रो हा ग्लासगोचा, तोही ऑस्ट्रेलियात आलेला, मँडोलिन आणि गिटार घेऊन कितीतरी वर्षं त्याच्या शेजारी उभा राहिला. २०१८ साली मन्रो वारला. १९८७ला बोगलला ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं पदक मिळालं. परदेश दौरे त्यानं २००९ला थांबवले.

त्याच्या मैफलीत युद्धाच्या गाण्यांच्या मध्ये गाडीखाली चिरडलेल्या मांजराचं गाणं यायचं आणि लोक पोट धरून हसायचे. यामागे कसब आहे. सलग तीन जड गाणी म्हटली तर चौथं कुणाच्या आत जात नाही. 'नाऊ आय'म ईझी' हे कोरडवाहू शेतकऱ्याचं गाणं तर इतकं सहज आहे की ऑस्ट्रेलियात ते जुनं लोकगीत समजलं जातं. त्यातल्या म्हाताऱ्याचे दोन मुलगे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेकाठी पुरलेले असतात, आणि ती ओळ तो पावसाची गोष्ट सांगावी तशी सांगतो. 'ॲज इफ ही नोज' घोड्यांचं आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं १,३०,००० हून जास्त घोडे समुद्रापार पाठवले. परत आला एक.

आणि 'लीव्हिंग नॅन्सी'. रेल्वेच्या फलाटावरची ताटातूट. बहुतेकांना ते प्रेयसीचं गाणं वाटतं. नॅन्सी हे त्याच्या आईचं नाव. १९६९ला तो निघाला त्या दिवसाचं हे गाणं आहे. हे कळल्यावर ते पुन्हा ऐका, एकही शब्द बदलत नाही आणि फलाटावरची बाई वीस वर्षांनी मोठी होते.

'मटिल्डा'च्या शेवटी म्हातारा म्हणतो, एक दिवस चालायला कुणीच उरणार नाही. गॅलिपोलीवर लढलेला शेवटचा ॲन्झॅक, ॲलेक कॅम्पबेल, १६ मे २००२ला होबार्टमध्ये वयाच्या १०३व्या वर्षी वारला. तोवर ॲन्झॅक दिनाच्या पहाटे स्मरणासाठी जमणारी गर्दी ओसरायच्या ऐवजी वाढत गेली होती, आणि त्या दिवसाशी जोडलेल्या गाण्यांत हे गाणंही येऊन बसलं होतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं जून टेबरपासून सुरुवात करावी. तिथे एकही वाद्य नाही, नुसता आवाज आहे. मग द पोग्स. बोगलचं स्वतःचं शेवटी ऐकावं. तो या सगळ्यांपेक्षा साधा गातो, आणि पीबल्सचे 'र' अजून तसेच घोळवतो.